यादी चावडीवर लावा, खाते क्रमांक झाका

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सरकारी कागद जनतेला पाहता येणे आणि माणसाची खासगी माहिती सुरक्षित राहणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. आमच्या गावात एकाच यादीच्या बाबतीत गेल्या काही महिन्यांत जे घडले, ते पाहिल्यावर मला हे म्हणणे पटेनासे झाले आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. काटछाट करावी लागली तर जरूर करावी, पण यादीतील रकान्यांविषयी पुढे जे लिहिले आहे तेवढे तरी छापावे, ही विनंती.

गाव सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातले आहे. त्याचे नाव देत नाही, कारण हे आमच्याच गावात घडले आणि इतरत्र घडत नाही असे मुळीच नाही. २०२५ च्या पावसाळ्यात अतिवृष्टीने काढणीला आलेले सोयाबीन आणि उडीद शिवारातच कुजले. पंचनामे झाले, शासनाने मदत जाहीर केली आणि काही दिवसांनी अनुदानाची यादी गावात आली. ती चावडीच्या फलकावर लागली नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास ती गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि ती कोणी टाकली हे अजूनही कोणी सांगत नाही. अकरा पानांची पीडीएफ होती. तीत व्हीके नंबर (म्हणजे लाभार्थ्याचा विशिष्ट क्रमांक), खातेदाराचे नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र आणि रक्कम हे रकाने होतेच. शिवाय बँकेचे नाव, पूर्ण खाते क्रमांक, मोबाइल नंबर आणि काही पानांवर बारा आकडी आधार क्रमांकसुद्धा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संकलन केंद्रावर माणसे ती पाने बोटांनी मोठी करून एकमेकांना दाखवत होती.

तिसऱ्या दिवशी आमच्या आळीतल्या एका विधवा बाईंना फोन आला. त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे. पतीच्या निधनानंतर वारसनोंद रेंगाळल्याने त्यांची ई-केवायसी अडली होती आणि पैसे कधी येणार याची त्या रोज चौकशी करत होत्या. फोनवरच्या माणसाने त्यांचे नाव, गट नंबर, मंजूर रक्कम आणि बँक खात्याचे सगळे आकडे बिनचूक सांगितले. ‘तुमचे पैसे अडकले आहेत, मोबाइलवर आलेला नंबर सांगा म्हणजे मोकळे होतील,’ असे तो म्हणाला. एवढे सगळे ज्याला ठाऊक आहे तो तहसीलमधलाच माणूस असणार, असे त्यांना वाटले. आणि तसे वाटण्यात त्यांची काहीही चूक नव्हती. खात्यातले अठरा हजार चारशे रुपये गेले. संध्याकाळी त्या पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले आणि बराच वेळ ते उचललेच नाही. आम्ही १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, बँकेत अर्ज दिला. पैसे अद्याप परत आलेले नाहीत.

दुसरा अनुभव माझा स्वतःचा आहे. यादीत काही नावे अशी होती, की ज्यांचे रान त्या हंगामात पडीक होते हे सगळ्या गावाने पाहिले होते. आणि काही कुटुंबे अशी होती, की ज्यांच्या बांधावर पंचनामा होताना मी स्वतः उभा होतो, पण यादीत त्यांचे नाव नव्हते. मोबाइलवर फिरणारी यादी खरी की कोणी मागेपुढे केलेली, हेही कळायला मार्ग नव्हता. म्हणून जानेवारीत मी माहिती अधिकाराखाली रीतसर अर्ज केला. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, सगळे नियमाप्रमाणे. लाभार्थ्यांची नावे, गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम आणि पंचनाम्यांच्या प्रती एवढेच मी मागितले होते. ‘खाते क्रमांक, आधार क्रमांक व मोबाइल नंबर नकोत, ते झाकून प्रती द्याव्यात,’ असे वाक्यही अर्जात घातले होते. अठ्ठाविसाव्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले, की मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये नाकारण्यात येत आहे.

ज्या रकान्यांमुळे एका बाईची पुंजी गेली ते रकाने आज गावातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत, आणि ज्या रकान्यांवरून पैसा योग्य माणसाला गेला की नाही हे कळते, ते मात्र सही-शिक्क्यानिशी मिळत नाहीत. पत्र लिहिण्याचे कारण हेच.

हे उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याने मनाचे काही केले असे मी म्हणणार नाही, कारण कायद्याचे शब्दच बदलले आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी वैयक्तिक माहितीला सरसकट संरक्षण नव्हते. ज्या माहितीचा सार्वजनिक कामाशी वा हिताशी संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने एखाद्याच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होईल, तीच माहिती नाकारता येत असे. आणि व्यापक जनहित असेल तर तीही देता येत असे. त्याखाली एक परंतुक होते, की जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. साध्या खातेदाराला आमदाराच्या बरोबरीने उभे करणारे ते वाक्य होते आणि ते मला फार मोलाचे वाटत असे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या कलम ४४(३) ने हे सारे काढून टाकले आणि ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले तेव्हा हा बदल ताबडतोब अमलात आला.

त्याच कायद्यातील ज्या तरतुदी माझ्या शेजारणीच्या उपयोगाच्या आहेत, म्हणजे ज्याच्याकडे माहिती आहे त्याने ती सांभाळलीच पाहिजे, फुटली तर संबंधितांना कळवले पाहिजे, हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, त्या मात्र अठरा महिन्यांनंतर लागू व्हायच्या आहेत. संरक्षणाच्या नावाने आलेल्या कायद्यातला कागद झाकणारा भाग पहिल्या दिवशी आणि माणसाला जपणारा भाग दीड वर्षाने, हा क्रम कोणी आणि का ठरवला, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

मी चौतीस वर्षे विकास सोसायटीत सचिव म्हणून काम केले. कोणता कागद सगळ्यांनी पाहायचा आणि कोणता फक्त ज्याचा त्याने, हा प्रश्न माझ्यापुढे संगणक येण्याच्या कितीतरी आधी रोज येत असे, आणि त्याचे उत्तर सहकार कायद्यात लिहिलेले होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे कोणताही सभासद कार्यालयात येऊन ताळेबंद, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त विनामूल्य पाहू शकतो. परंतु कर्जखात्याच्या वहीतला फक्त स्वतःच्या व्यवहाराचा भागच त्याला पाहता येतो. सभासद कोण आहेत हे सगळ्यांसाठी. माझे खाते माझ्यासाठी. ज्यांनी ही ओळ आखली त्यांना सहकारी संस्था कशाने बुडते आणि माणसाची अब्रू कशाने जाते, या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. साठ वर्षांहून अधिक काळ या कलमावर गावोगावच्या संस्था चालल्या आहेत, आणि नोंदवही उघडी ठेवल्यामुळे कोणाचे नुकसान झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. उलट मेलेल्या सभासदाच्या नावावर मतदान होणार होते ते एकदा नोंदवही पाहणाऱ्या एका शेतकऱ्यामुळेच थांबले.

महसूल खात्याचेही तसेच आहे. सातबाऱ्यावर माझे नाव आहे, क्षेत्र आहे आणि इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजासुद्धा आहे. तो सातबारा आज घरबसल्या कोणीही पाहू शकतो. कर्ज ही खासगी बाब नाही काय? आहे. तरीही बोजा उघडा ठेवला जातो, कारण तो झाकला तर त्या जमिनीचा विसार देणारा फसेल. फेरफाराचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफाराच्या नोंदीची प्रत चावडीत ठळक जागी लावायची असते आणि हितसंबंधितांना नोटीस द्यायची असते. एका भावाने परस्पर वाटणीचा कागद दाखवून बहिणीचे नाव कमी करायला अर्ज टाकला, तर चावडीवर चिकटवलेला तो कागदच बहिणीचा हक्क वाचवतो. वाचणारा सांगतो, ‘तायडे, तुझं नाव काढायला निघालेत बघ.’ असे निरोप मी स्वतः पोहोचवले आहेत. त्या बहिणीचे नाव वैयक्तिक माहिती आहे म्हणून चावडीवर लावायचे नाही असे उद्या कोणी ठरवले, तर तिचे संरक्षण होईल की नुकसान?

नावे उघडी असण्याचे महत्त्व आमच्या तालुक्याला तर सांगायलाच नको. रोजगार हमी योजनेची मूळ कल्पना ज्यांची, ते वि. स. पागे याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी होतो. आई खडी फोडायला जायची आणि सुकडी घ्यायला म्हणून मी सोबत जायचो. पगाराच्या दिवशी मुकादम मस्टर उघडून एकेक नाव पुकारायचा, माणूस पुढे यायचा, अंगठा उठवायचा आणि पैसे घ्यायचा. एकदा एक नाव पुकारले गेले आणि कोणी पुढे आले नाही. मुकादम तसाच पुढे जाऊ लागला तेव्हा रांगेतली एक बाई म्हणाली, ‘त्यो तर दिवाळीपासनं मुंबैला हाय, त्याचा अंगठा कुणाचा वो?’ ते नाव त्याच दिवशी कमी झाले. तेव्हा माहितीचा कायदा नव्हता. नाव मोठ्याने वाचले जात होते, एवढेच होते. पुढे नव्वदच्या दशकात राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या घेतल्या त्याही याच धर्तीवर. गावाने एकत्र बसायचे आणि मस्टरवरची नावे, बिले, पावत्या वाचायच्या. मेलेल्यांची, परगावी गेलेल्यांची नावे तिथेही निघाली आणि त्या आंदोलनातूनच देशाचा माहिती अधिकाराचा कायदा उभा राहिला. महाराष्ट्राने अण्णा हजारे यांच्या उपोषणांनंतर स्वतःचा कायदा आधीच केला होता. या सगळ्याच्या मुळाशी नाव आहे. कामगाराचे नाव काढून घेतले तर मस्टरमध्ये नुसती बेरीज उरते, आणि बेरीज नेहमीच जुळवता येते.

गावाच्या डोळ्यांवर माझा भाबडा विश्वास आहे असे कोणी म्हणेल, म्हणून दोन सरकारी दाखले देतो. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीची तपासणी करून महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये अहवाल दिला. नमुना म्हणून तपासलेल्या खात्यांपैकी सुमारे २२ टक्के खात्यांत त्यांना त्रुटी आढळल्या. अपात्रांना लाभ मिळाला होता आणि पात्र शेतकरी राहून गेले होते. हे कळायला पाच वर्षे लागली. ‘लाडकी बहीण’ योजनेत २०२५ मध्ये २६ लाखांहून अधिक लाभार्थ्यांचे हप्ते अपात्रतेच्या संशयावरून थांबवावे लागले, आणि लाभ घेणाऱ्यांत पुरुषही निघाले. एकाच घरात किती हप्ते जातात, कोणाच्या घरी सरकारी नोकरी आहे, हे गावात विचारले असते तर पहिल्याच महिन्यात कळले असते. पडताळणीसाठी वेगवेगळ्या खात्यांचा डेटा जुळवावा लागतो हे मला मान्य आहे. पण ज्या यंत्रणेने चूक केली तिनेच ती शोधायची आणि बाकी कोणी यादीकडे पाहायचे नाही, ही पद्धत सोसायटीच्या हिशोबात कोणी चालवून घेत नाही. म्हणून तर लेखापरीक्षक बाहेरचा असतो.

आता दुसऱ्या बाजूविषयी, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. गावात राहणाऱ्याला त्याची किंमत शहरातल्यापेक्षा कमी वाटते असे समजू नये. उलट जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे झाकण्याजोगी गोष्ट झाकून ठेवणे फार अवघड आणि फार गरजेचे असते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचेच पाहा. तीत विधवा, घटस्फोटित, दिव्यांग यांच्याबरोबर क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांनी ग्रासलेले लोकही लाभार्थी असतात. अशा यादीत नावापुढे ‘प्रवर्ग’ हा रकाना असतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावच्या ग्रामसभेत ही यादी त्या रकान्यासह वाचली गेली होती. वाचणाऱ्याच्या मनात काही नव्हते, समोर आले ते तो वाचत गेला. एका तरुण माणसाच्या नावापुढचा शब्द ऐकून सभेत एकदम शांतता पसरली. तो माणूस मागच्या दाराजवळ उभा होता. तो निघून गेला आणि पुन्हा कधी ग्रामसभेला आला नाही. त्याचे पाठमोरे शर्ट मला अजून आठवते. त्याला दरमहा किती रुपये मिळतात हे गावाने विचारावे. का मिळतात हे विचारण्याचा गावाला काय अधिकार आहे? ते डॉक्टरांनी आणि समितीने पाहिलेले असते, आणि तेवढे पुरे आहे.

म्हणून माझे म्हणणे रकान्यांविषयी आहे. ‘वैयक्तिक माहिती’ या दोन शब्दांत सगळे कोंबले की यादी एक तर पूर्ण उघडी पडते, नाही तर पूर्ण बंद होते. प्रत्यक्षात यादीत दोन जातींचे रकाने असतात. काही रकाने सरकारने काय केले हे सांगतात: कोणाला, किती, कोणत्या क्षेत्रासाठी, कोणत्या तारखेच्या पंचनाम्यावरून, कोणत्या नियमाने. हे सार्वजनिक पैशाचे रकाने आहेत. ते चावडीवर लागले पाहिजेत, ग्रामसभेत वाचले गेले पाहिजेत आणि अर्ज न करता पाहता आले पाहिजेत. उरलेले रकाने माणूस कोण आणि कसा आहे, त्याच्यापर्यंत कसे पोहोचायचे, हे सांगतात: आधार, बँक खाते, मोबाइल, आजार, जात प्रमाणपत्राचा क्रमांक, कौटुंबिक स्थिती. ते पैसे पाठवणाऱ्या टेबलाच्या पलीकडे जाता कामा नयेत. ही विभागणी करायला नवा कायदाही लागत नाही. माहिती अधिकार अधिनियमाचे कलम १० नेमके हेच सांगते, की न देण्याजोगा भाग वगळून उरलेला भाग द्यावा. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास २०१६ च्या आधार अधिनियमाच्या कलम २९ ने मनाई केलेली आहे. शेवटचे चार आकडे दाखवून बाकीचे झाकलेले आधार प्राधिकरण स्वतःच उपलब्ध करून देते. असे असूनही केंद्र आणि राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांचे पत्ते आणि आधार क्रमांक उघडे पडले होते. आणि ही गोष्ट देशाला २०१७ मध्ये कशी कळली? आधार प्राधिकरणाने माहिती अधिकारातील एका अर्जाला दिलेल्या उत्तरातून. खासगी माहिती कुठे सांडते आहे हे शोधण्याचे साधनसुद्धा माहितीचा अधिकारच ठरले, याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो.

दार अगदीच बंद झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. कलम ८(२) अजून जसेच्या तसे आहे: संरक्षित हितसंबंधांना होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. कलम ४ प्रमाणे अनुदान कार्यक्रमांची अंमलबजावणी, वाटलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे. तेही कायम आहे. नव्या डेटा कायद्याच्या कलम ३ मध्येच म्हटले आहे, की जी माहिती जाहीर करणे दुसऱ्या एखाद्या कायद्याने बंधनकारक आहे आणि ती त्याप्रमाणे जाहीर झाली आहे, तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे आमच्या गावची अनुदानाची यादी चावडीवर लावणे हे कालही कर्तव्य होते आणि आजही आहे. माझ्या अर्जावरचे उत्तर नव्या शब्दांवर बेतलेले असले, तरी नव्या कायद्यातही ते टिकण्यासारखे नाही असे माझे मत आहे.

परंतु कायद्यात वाट असणे वेगळे आणि टेबलावर बसलेल्या माणसाने ती धरणे वेगळे. जन माहिती अधिकारी म्हणजे बहुतेक वेळा एखादा नायब तहसीलदार किंवा अव्वल कारकून असतो. त्याच्यापुढे टपालाचा ढीग असतो, वरून फोन येत असतात. माहिती नाकारली तर फार तर अपील होते. त्याची सुनावणी वरिष्ठांपुढे आणि दुसरे अपील पुण्याच्या खंडपीठापुढे, तेही केव्हा निघेल ते निघेल. उशिरासाठी दिवसाला २५० रुपये आणि कमाल २५ हजार रुपये दंड कायद्यात आहे, पण तो किती अधिकाऱ्यांच्या पगारातून प्रत्यक्ष कापला गेला हे अर्ज करणाऱ्यांना ठाऊक आहे. आणि माहिती दिली तर? नव्या कायद्यातल्या कोट्यवधींच्या दंडाचे आकडे त्याने वर्तमानपत्रात वाचलेले असतात. तो दंड त्याला स्वतःला लागू होत नाही, हे त्याला कोणी समजावलेले नसते. अशा माणसाने ‘वैयक्तिक माहिती’ हा शिक्का उचलला तर त्याला दोष देऊन काय उपयोग? पूर्वी त्याला नकाराचे कारण शोधावे लागे. आता माहिती द्यायची तर कारण शोधावे लागते. शब्द काढून टाकल्याने झालेला खरा बदल हा आहे. अर्थात नकाराची सवय आधीपासूनची. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कर्मचाऱ्याच्या सेवाविषयक तपशिलांबाबत निकाल दिला, तेव्हापासूनच त्याचा हवाला देऊन नाही नाही ते कागद नाकारले जात होते. २०१९ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रत्येक प्रकरणात खासगीपणा आणि जनहित यांचा तोल पाहावा असे सांगितले, पण तोल पाहायला तराजू तरी हवा. कलमातले जे शब्द गेले तेच तो तराजू होते.

माहिती अधिकाराचा काही जण गैरवापर करतात हे मी नाकारत नाही. ठेकेदाराकडून पैसे उकळण्यासाठी अर्ज टाकणारे मला माहीत आहेत, आणि शिक्षिकेच्या रजेचे अर्ज मागून तिला छळणाराही मी पाहिला आहे. त्या शिक्षिकेला जुन्या कलमानेच संरक्षण दिले असते, आणि दिलेही. चोराच्या भीतीने अख्ख्या गावाचा पाणंद रस्ता कोणी बंद करत नाही.

माझी पहिली विनंती जिल्हा प्रशासनाला आहे. अनुदान, घरकुल, निराधार, पीकविमा, कोणतीही यादी असो, ती तयार करतानाच तिच्या दोन प्रती निघाव्यात: एक फलकासाठी, जिच्यात नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम आणि पंचनाम्याची तारीख एवढेच असेल आणि नाव वगळले असल्यास कारण असेल, दुसरी कार्यालयासाठी, जी ई-मेलने वा व्हॉट्सॲपने कोणालाही पाठवता येणार नाही. संगणकावर एका यादीतून दोन याद्या काढायला पाच मिनिटेही लागत नाहीत, हे मी माझ्या नातवाकडून करवून पाहिले आहे. यादी बाहेर कशी गेली याची चौकशी करताना फक्त गावातल्या ऑपरेटरवर खापर फोडू नये. खाते क्रमांकासकट यादी खाली पाठवलीच का, हे विचारावे. राज्य शासनाने २०१८ मध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत कागद पाहू देण्याचा निर्णय घेतला होता. तो नव्या कलमाचे निमित्त करून गुंडाळला जाऊ नये, आणि कलम ८(२) केव्हा व कसे वापरायचे याची सोप्या मराठीत सूचना प्रत्येक जन माहिती अधिकाऱ्याच्या टेबलावर यावी. आपल्या भागाच्या खासदारांना माझे सांगणे आहे, की कलम ८(१)(ञ) चे जुने शब्द आणि ते परंतुक परत आणण्यासाठी त्यांनी सभागृहात बोलावे. खासगीपणाचा कायदा सुचवताना न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील गटाने २०१२ मध्येच म्हटले होते, की अशा कायद्याने माहितीच्या अधिकाराला कात्री लावू नये. तो सल्ला का मानला गेला नाही, एवढे तरी त्यांनी विचारावे.

आणि ग्रामसभांना वाट पाहण्याची गरज नाही. आमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे, की गावात येणारी प्रत्येक लाभार्थी यादी फलकाच्या स्वरूपात आठ दिवसांत चावडीवर लागावी आणि खाते वा आधार क्रमांक असलेली कोणतीही यादी ग्रुपवर टाकू नये. तो आळीतल्या त्या बाईंनी सुचवावा असे मी त्यांना म्हटले आहे. त्यांनी होकार दिला आहे, पण वाचून मात्र मी दाखवायचा.

माझ्या प्रथम अपिलाची सुनावणी याच महिन्यात लागली आहे. सुनावणीला मी त्या अकरा पानांची छापील प्रत नेणार आहे. तिच्यातले खाते क्रमांक, मोबाइल नंबर आणि आधारचे रकाने मी पट्टी धरून काळ्या शाईने स्वतः झाकले आहेत. नावे, गट नंबर, क्षेत्र आणि रक्कम तेवढी दिसतात. त्याला एक दुपार लागली.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सोसायटी सचिव,
ता. तासगाव, जि. सांगली